पडद्यामागचे पेले आणि माझा श्रावण

२४ जुलै, गुरुवार. आषाढ अमावस्या. संध्याकाळी सात.

आमच्या घरातल्या बर्फाच्या ट्रेवर जो अन्याय चालू आहे, त्याची कुठेतरी नोंद व्हायला हवी. ट्रे कशासाठी? बर्फासाठी. त्याचं नाव पाहा, घडण पाहा, करणाऱ्याचा हेतू पाहा. पण बायकोने, सुवर्णेने, त्यात आलं-लसणाची पेस्ट गोठवून ठेवली आहे. प्रत्येक खणात एकेक पिवळट ठोकळा. वर्षातल्या ज्या संध्याकाळी अख्ख्या महाराष्ट्राला बर्फ लागतो, नेमक्या त्या संध्याकाळी माझ्या ग्लासाला फोडणीचा वास येतोय. रीतसर तक्रार केली. सुवर्णा म्हणाली, देवापुढे दिवे घासून मांडलेत, त्यांना नमस्कार करा, त्याला बर्फ लागत नाही.

आज दिव्यांची अवस. लोक गटारी म्हणतात. मी म्हणत नाही, संस्कार आडवे येतात. पितो मात्र लोकांइतकंच.

उद्यापासून श्रावण. मी श्रावण पाळतो. नोकरीला लागल्यापासून एकही चुकलेला नाही. महिनाभर थेंब नाही. पंचवटीच्या पाठशाळेत न्यायशास्त्र शिकलो ते काही फुकट गेलेलं नाही. प्रतिज्ञा: मी दारुडा नाही. हेतू: कारण मी श्रावण पाळतो. उदाहरण: जो जो श्रावण पाळतो तो तो दारुडा नव्हे, जसे आमचे किराणावाले. उपनय: मीही तसाच. निगमन: म्हणून मी दारुडा नाही. पाच अवयव, कुठे फट नाही. गुरुजी असते तर पाठ थोपटली असती. फार जवळ न येता.

हर्षलचा फोन. आमच्या पेपरच्या रविवार पुरवणीचा संपादक. वय माझ्या निम्मं, मला सर म्हणतो आणि कामाला लावतो. जुन्या सिनेमातले नट आणि त्यांची दारू, यावर मालिका हवी आहे. 'पडद्यामागचे पेले'. श्रावणातच का, असं विचारलं. म्हणाला, सर, श्रावणात लोकांना प्यायला मिळत नाही, निदान वाचू तरी द्या. पोरगा पुढे जाईल.

बाटलीत थोडी उरली होती. अन्न टाकू नये.

२५ जुलै, शुक्रवार. श्रावण शुद्ध प्रतिपदा.

उत्तम. पहाटे गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जाऊन आलो. मन आरशासारखं. दुपारी वरण-भात. चार वाजेपर्यंत मीच माझा आदर्श होतो.

सहानंतर हातांचं काय करावं ते कळेना. पेपर घेतला, ठेवला. रिमोट घेतला, ठेवला. खिडकी उघडली, लावली. सुवर्णा म्हणाली, काय हरवलंय? काही नाही म्हटलं. घाम फार येतोय. हवा दमट आहे.

२६ जुलै, शनिवार.

झोप नाही. चादर पिळून काढावी इतकी ओली. सुवर्णा म्हणाली, ताप आहे का? म्हटलं, हवा. म्हणाली, हवा तर मलाही तीच आहे. या बाईला न्यायशास्त्र कुणी शिकवलं?

दाढी करताना दोनदा कापलं. हल्लीच्या ब्लेडना दर्जा राहिलेला नाही. हातही किंचित हलतोय. चहाने होतं म्हणतात. संकल्प: चहा बंद.

पहिला लेख पाठवला. विनोदी नट बाबू लटपटे. जन्मभर पडद्यावर दारुडा झाला. अशी उचकी पुन्हा होणे नाही. रस्त्यात दिसला की चाहते प्रेमाने बाटली हातात द्यायचे. गडी थेंबाला शिवायचा नाही. सगळ्या बाटल्या गावी पाठवायचा, तिथे त्याचा भाऊ त्या घोडीच्या पायांना चोळायचा. सहाला घरी, साडेसहाला पिठलं, आठला झोप.

लेखाचा निष्कर्ष: ख्यातीचा आणि पेल्याचा संबंध नाही. जग ज्याला दारुडा समजत होतं तो पीतच नव्हता. आता याचाच व्यत्यास केला, तर जग ज्याला सोवळा समजतं तो...

इथे लेख आवरता घेतला. शब्दमर्यादा.

२८ जुलै, पहिला सोमवार. दुपार.

उपास आहे. उपासात बुद्धी तल्लख होते, याचा आज प्रत्यय आला. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो. तिकडचा श्रावण आपल्या आधी पंधरवडाभर सुरू झाला आणि नारळी पौर्णिमेला आटोपतो. काशीचे पंडित काय मूर्ख आहेत? संस्कृत शिकलेल्या माणसाने निदान पंचांगात तरी प्रांतवाद करू नये. यंदापासून मी काशीचा श्रावण पाळणार. संपायला फारसा वेळ राहिलेला नाही. इतका हलका उपास कधी वाटला नव्हता.

संध्याकाळी साडेसात.

शिवाय तिथी सूर्योदयाची धरतात. सूर्यास्तानंतरच्या जबाबदारीबद्दल ग्रंथ जरा मोघम आहेत.

दोनच घेतले. बर्फाशिवाय.

हात थांबले.

पुन्हा लिहितो, कारण पहिल्यांदा लिहिताना मी आनंदात होतो: हात थांबले. लगेच. म्हणजे चहा नव्हता.

न्यायशास्त्रात हेतूच खोटा ठरला तर पुढचं सगळं बसतं. घर एकाच खांबावर उभं होतं. हर्षलला फोन केला, मालिकेचा विषय बदलता येईल का, जुन्या नटांचे उपवास वगैरे? म्हणाला, सर, बाबू लटपटे लय चाललाय, पुढचा टाका.

३१ जुलै, गुरुवार.

दुसरा लेख दिला. खलनायक तुफानसिंग. दुपारी तीननंतर त्याचा क्लोजअप घ्यायचे नाहीत, नजर ठरायची नाही. दिग्दर्शकाने त्याचे सगळे प्रसंग सकाळी लावले. मग दहाच्या आत. मग आठच्या. मग दिग्दर्शकाने खलनायक बदलला.

छापून येण्याआधी मजकूर पुन्हा वाचायची माझी सवय आहे. हा वाचला नाही. मी हल्ली माझे लेख सकाळीच लिहितो. सकाळी प्रसन्न वाटतं म्हणून.

रोज संध्याकाळी दोन. कधी तीन. काशीचा श्रावण लवचिक असावा.

२ ऑगस्ट, शनिवार.

चांदवडला जाऊन आलो. तिसऱ्या लेखासाठी. निघण्याआधी थोडं घेतलं. सकाळचे नऊ. प्रवासात पित्त होतं मला. वर वेलदोडे.

फोटोग्राफर भिकनच्या गाडीवर मागे बसून गेलो. पिंपळगावच्या पुढे म्हणाला, सर, एका वेलदोड्यानं भागतं, तुम्ही अख्खी पुडी खाल्ली काय?

नट देवदत्त. खरं नाव पुंजाराम, कांदा पिकवणाऱ्यांच्या घरातला. पौराणिक सिनेमांत सगळे देव त्यानेच केले. लोक थिएटरात नारळ फोडायचे. चाळिशीत गेला. त्याची बायको चंद्रभागाबाई आता ऐंशीच्या पुढे. कांदा साठवायच्या चाळीला लागून घर, ओटीवर खाट, त्यावर त्या.

मी पुरवणीच्या भाषेत विचारलं, देवदत्तांना मद्याचं सेवन होतं, असं ऐकिवात आहे. बाई भिकनला म्हणाल्या, हा काय बोलतोय? भिकन म्हणाला, आजी, प्यायचे का? बाई म्हणाल्या, मंग असं इचार ना. लय प्यायचे.

मग सांगत गेल्या, लाजबीज काही नाही. सकाळी हात हालायचा. देवाचा हात हालून कसं चालंल? आशीर्वादाला हात वर केला की बोटं नाचायची, लोकांना वाटायचं देव टाटा करतोय. मग सेटवरच्या सुतारानं मागून बांबू रोवला. कोपर त्याच्यावर टेकवायचं. पुढून आशीर्वाद, मागून बांबू. भिकन हसायला लागला. बाईही हसल्या. मीही हसलो, बहुतेक.

म्हणाल्या, पुढं बांबूनंबी भागंना. मग मीच सकाळी पंचपात्रात भरून न्यायची. वर तुळशीचं पान. लोकं म्हणायची तीर्थ घेतात. कुनी भेटाया आलं की मी दारातच सांगायची, साहेब पूजेला बसलेत. सकाळी पूजा, दुपारी पूजा, तिन्हीसांजंला पूजा. निर्माता म्हने, एवढा भक्तिमान मानूस पाह्यला नाय.

मी विचारलं, तुम्ही स्वतःच्या हाताने का देत होतात?

बाई म्हणाल्या, तुझं लगीन झालंय ना? नाय दिली तर मानूस डोळ्यांम्होरं कापतो, रडतो, पोरावानी. दिली की पुन्यांदा देव होतो. तूच सांग, कोन नाय देनार?

चहा आला. मी कप उचलला. बशी वाजायला लागली. बाई म्हणाल्या, बाबा, कप खाली ठेव आन् वाकून पी. ह्ये बी तसंच प्यायचे.

भिकनने एकदम छपराचे फोटो काढायला सुरुवात केली. छपरावर काहीही नव्हतं.

परतीच्या वाटेवर ओझरला तो म्हणाला, सर, थेट घरी सोडू का मधी कुठं थांबायचं? मी म्हटलं, मधी थांबू. त्याने गाडी थांबवली. आत आला नाही. बाहेर गाडी पुसत उभा राहिला.

५ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी अकरा.

हे आत्ता, लगेच लिहून ठेवतो.

मी आतल्या खोलीत पडलो होतो. काल जरा जास्त झाली. दाराची बेल वाजली. हर्षल. तिसऱ्या लेखाची चौकशी करायला स्वतः आला होता. सुवर्णेचा आवाज आला. म्हणाली, अहो, हे पूजेला बसलेत, तासभर तरी उठायचे नाहीत.

हर्षल म्हणाला, हो का, सरांचं बाकी मानलं पाहिजे.

लेख मी अजून लिहिलेला नाही. चांदवडची एक ओळही घरात बोललेलो नाही. भिकन सुवर्णेला ओळखत नाही. म्हणजे ते वाक्य तिचं स्वतःचं आहे.

आणि अडखळली नाही. शोधावं लागलं नाही तिला. माझी ही पूजा किती दिवस चालू आहे?

दुपार.

जेवताना तिला काही विचारलं नाही. भाजीत मीठ नव्हतं. दोघांनीही खाल्ली.

संकल्प: पौर्णिमेपर्यंत पूर्ण बंद. कोणत्याही पंचांगाने.

६ ऑगस्ट, बुधवार.

पौर्णिमा फार लांब आहे.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी पौर्णिमा.

काशीचा श्रावण आज संपला. आता जे काही होईल ते अधिकृत. याचा जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झालेला नाही.

संध्या पंचवटीहून आली. माझी धाकटी बहीण. वडिलांचा फुलांचा धंदा तीच सांभाळते. फुलबाजार आटोपून आली, हाताला झेंडूचा वास. तिच्यासाठी म्हणून सकाळपासून घेतली नव्हती. पाटावर बसलो, हात पुढे केला. ती म्हणाली, दादा, हलवू नको की. लहानपणी मी मुद्दाम हात हलवायचो, तिला रडवायला. तिला वाटलं तेच. हसत हसत चापट मारली, म्हणाली, म्हातारा झालास तरी खोड गेली नाही. दोनदा गाठ सुटली. तिसऱ्यांदा तिने माझं मनगट स्वतःच्या गुडघ्यावर दाबून धरलं आणि बांधली. तेव्हा ती हसत नव्हती.

ओवाळताना डोळे मिटून घेतले मी. तिला वाटलं असेल भाविक आहे.

नंतर स्वयंपाकघरात दोघी हळू आवाजात बोलत होत्या. मी आत गेलो तशा नारळीभाताबद्दल बोलायला लागल्या.

१० ऑगस्ट, रविवार.

तिसरा लेख आला. देवदत्तचा मोठा फोटो, आशीर्वादाचा हात वर. 'पुढून आशीर्वाद, मागून बांबू'. हर्षल म्हणतो, पुरवणीच्या इतिहासात इतके फोन आले नाहीत. लेखातून पंचपात्र गाळलं. पूजेचं वाक्यही गाळलं. त्याला सांगितलं, भावना दुखावतील. कुणाच्या ते त्याने विचारलं नाही.

सुवर्णेने लेख वाचला. म्हणाली, छान झालाय. मग म्हणाली, त्या बाईंनी काय केलं ते कुठे लिहिलंच नाहीत. म्हटलं, शब्दमर्यादा.

१४ ऑगस्ट, गुरुवार.

उद्या ड्राय डे. यात घाबरण्यासारखं काही नाही. राष्ट्रीय सण आहे. तरीही सावधगिरी म्हणून सकाळी दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. रांगेत पहिला. नाशिक रोडच्या ज्या दुकानात मला ओळखत नाहीत, त्यात गेलो होतो.

दुकानदार म्हणाला, गुरुजी, रविवारचा लेख वाचला, देवदत्तचा, वर तुमचा फोटोही होता. डोळ्यांत पाणी आलं हो. किती देऊ?

पाहुणे आहेत म्हटलं. म्हणाला, असतातच. बाटली गुंडाळून दिली. आमच्याच पुरवणीत. देवदत्तचा हात बरोबर बुचावर आला होता.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळ.

झेंडावंदनाला सोसायटीत उभा असताना ठरवलं. आता पंचांग नको, पळवाट नको. आज देशात दारू बंद आहे, माझीही बंद. उद्याही. काल आणलेली मोरीत ओतली. होय, ओतली. हात हलत होता तरी ओतली. हे मी कुणाला सांगणार नाही. होऊन गेल्यावर सांगेन. संध्याला. चंद्रभागाबाईंना सुद्धा. सुवर्णेला तर सांगावंच लागणार नाही, तिला दिसेल.

दुपारी तीन.

उलट्या. पाणीही राहत नाही. ठीक आहे. निघून जातंय म्हणायचं.

संध्याकाळी सहा.

सुवर्णेला विचारलं, भिंतीवर एवढ्या मुंग्या कुठून आल्या? तिने भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, कुठे?

मी बोट दाखवलं. रांग होती. खिडकीपासून कॅलेंडरपर्यंत, नंतर कॅलेंडरच्या आत. तिने जवळ जाऊन भिंतीवरून हात फिरवला. मुंग्या तिच्या हातावर चढल्या नाहीत. म्हणाली, काही नाहीये हो. इतक्या हळू म्हणाली की मला वाटलं तिलाच भीती वाटतेय.

साडेसात.

जेल रोडला एक जण ड्राय डेलाही देतो. हे मला कसं माहीत, ते मला माहीत नाही. रिक्षाने गेलो. परत येईपर्यंतही धीर धरला नाही.

मुंग्या गेल्या.

१८ ऑगस्ट, शेवटचा सोमवार.

शेवटचा लेख दिलेला नाही. हर्षलला सर्दी सांगितली. म्हणाला, सर, पूजेच्या वेळी थंड पाण्याने अंघोळ करत जाऊ नका.

२३ ऑगस्ट, शनिवार. अमावस्या.

श्रावण संपला. आपलाही.

सकाळी सुवर्णा म्हणाली, डॉक्टरांची वेळ घेतलीय मी, सोमवारी. कशासाठी ते म्हणाली नाही. मी म्हटलं, गणपती होऊन जाऊ देत. म्हणाली, गणपती आपल्याकडे बसायला येत आहेत, तपासायला नाही. मग म्हणाली, तुम्ही एकदा मनावर घ्या हो. मनावर घेतलंत की तुम्ही काहीही करता. अख्खा श्रावण पाळायचात की.

हो. मागच्या वर्षी पाळला होता. ते खोटं नाही. म्हणजे त्यानंतर कधीतरी, कुठल्या तरी साध्या संध्याकाळी, मला न कळता, ते हातातून गेलं. ती संध्याकाळ कोणती, हे आठवायचा फार प्रयत्न केला. बहुधा मजेत गेली असेल.

देवदत्त चाळिशीत गेला, हे लिहिताना मरणाची भीती वाटली होती. ती आहेच. पण ती इतकी मोठी नाही.

सुवर्णा बाहेर तांदूळ निवडत बसली आहे. पंधरा तारखेला मी काय केलं ते तिला माहीत नाही. तिला एवढंच माहीत आहे की नवरा पितो. तो मनावर घेत नाही, असं तिला वाटतं. त्या भरवशावर ती दारात उभी राहून लोकांना पूजेचं सांगते.

मी मनावर घेतलं होतं. पूर्ण घेतलं होतं. मला थांबता येत नाही.

हे तिला सांगायची मला भीती वाटते.